टांग आणि लाथ

मराठीत लाथेला कधी मान मिळाला नाही. चुकून कुणाला पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो, लाथा झाडायच्या त्या गाढवानं, आणि भरल्या ताटाला लाथ मारणाऱ्याएवढा करंटा दुसरा कुणी नाही. ‘लाथ मारीन तिथं पाणी काढीन’ ही म्हण तेवढी लाथेची बाजू घेते, पण तीतसुद्धा लाथ बसते ती जमिनीला. आपल्या कुस्तीत पायाला काम भरपूर आहे. आतली टांग आहे, बाहेरची टांग आहे, ढाक आहे. पण तिथं पाय अडकवतो, उचलतो, समोरच्याचा तोल काढतो, मारत नाही. कबड्डीत चढाईपटू लाथ मारून गडी टिपतो खरा, पण ती लाथ म्हणजे लांब केलेला हातच, स्पर्श झाला की तिचं काम संपलं. अशा मुलखात, नांदेड-देगलूर रस्त्यावरच्या नायगावसारख्या तालुक्याच्या गावी, आईबाप आता पैसे भरून लेकरांना लाथ शिकायला पाठवतात. तायक्वांदो, कराटे, किकबॉक्सिंग, पाटीवर नाव काहीही असो. मग ‘यातलं चांगलं कोणतं?’ असा प्रश्न निघतो, आणि माझ्या मते तो तिथंच चुकतो. कसा, ते दाखवायला दोन पक्ष समोरासमोर बसवले आहेत. एक तालमीतले वस्ताद, दुसरे तायक्वांदोचे सर. दोघंही कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र कोणत्याही तालुक्याच्या गावी ऐकू येतील असे आहेत. मधे मधे मी बोलणार आहे. पंचानं तटस्थ राहावं हे मान्य, पण इथं मी पंच नाही.

वस्ताद : सर, राग मानू नका, पण तुमची लेकरं हवेला लाथा मारायलेत. तुम्ही एक म्हणलात की पाय वर, दोन म्हणलात की पाय खाली. समोर कुणीच नाही. आमच्या हौद्यात पोरगं उतरलं की पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात माणूस येतो. तो माणूस निसटतो, ढकलतो, मानेवर हात टाकून खाली ओढतो. त्याला पडायचं नसतं, आणि ह्याला तर पाडायचं असतं. शिकवण म्हणायची तर ती हीच, बाकी सगळी हमाली. दुसरं सांगतो, एका पायावर उभा राहिलेला माणूस दिसला की आमच्यासाठी अर्धी कुस्ती झाली. तुमचा पाय हवेत असतानाच मी दुसऱ्या पायाचा एकेरी पट काढला तर तुमच्या लाथेचं काय राहिलं? आपल्या लातूरकडच्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, पुढं रुस्तुम-ए-हिंद झाले. कोणत्या रंगाच्या पट्ट्यावर झाले, सांगा बरं.

सर : वस्ताद, तुम्ही पट काढाल हे मी नाकारत नाही. पण माझ्या स्पर्धेत पट काढायला मुभाच नाही. धरलं की दंड, कमरेखाली मारलं की दंड, तोंडावर ठोसा मारला तरी दंड. छातीवर ठोसा बसला तर एक गुण, अंगावर लाथ बसली तर दोन, डोक्यावर तीन, आणि गिरकी घेऊन मारली तर आणखी दोन वाढतात. म्हणजे गिरकी घेऊन डोक्यावर बसलेली एक लाथ पाच ठोशांच्या बरोबरीची. मग माझं पोरगं लाथच मारणार ना! तुमचा पैलवान अंग झाकत नाही, तोंडासमोर हात धरत नाही, कारण तुमच्याकडं कुणी मारतच नाही. माझ्या पोराच्या कमरेखाली कुणी येतच नाही. ज्यानं त्यानं आपापल्या खेळाचा अभ्यास केलाय, एवढंच.

सरांचं हे उत्तर अनेकांना पळवाट वाटेल. मला ते या वादातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं, म्हणून इथं थोडं थांबतो. एकच राउंडहाऊस किक, म्हणजे बाजूनं फिरवून मारलेली लाथ, तीन ठिकाणी बघा. तायक्वांदोत आधी गुडघा घडी होऊन वर येतो, मांडी नेम धरते, मग गुडघ्याखालचा पाय चाबकासारखा सुटतो आणि पावलाची वरची बाजू लागते. लागल्याबरोबर पायाची पुन्हा घडी. कराटेच्या जुन्या पद्धतीत पायाची बोटं मागं ओढून तोच फटका चवड्यानं देतात, त्यामुळं मार लहान जागेवर पण टोकदार बसतो. थायलंडच्या मुए थाईत गुडघ्याची घडी नावापुरती. तिथं सगळी कंबर आरपार फिरते, नडगी कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी येऊन बसते, आणि नेम चुकला तर मारणारा स्वतःभोवतीच फिरतो. यातली ‘खरी’ लाथ कोणती हे विचारण्यात अर्थ नाही. मुए थाईत मांडीवर मारता येतं, लाथ धरताही येते. तिथं पाय हवेत ठेवून विचार करत बसणं परवडत नाही. तायक्वांदोत दोन्हीची भीती नाही, म्हणून तिथला खेळाडू आडवा उभा राहतो, पुढचा पाय हलका ठेवतो आणि त्याच पायानं वर-खाली खेळतो. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये छातीवरच्या कवचात इलेक्ट्रॉनिक गुणमापन आलं, तेव्हापासून हा फरक आणखी वाढला. पंचाच्या डोळ्याला दिसणारा दणदणीत फटका मागं पडला, आणि पुढचा पाय वर धरून तलवारबाजीसारखा टोचत राहणारा खेळाडू जिंकू लागला. लाथ कोरियाचीच, माणसं तीच, गुण मोजायची रीत तेवढी बदलली, आणि चारेक वर्षांत पायाची सवय बदलून गेली.

वस्तादांच्या घरातही हेच घडलंय, फक्त ते सवयीचं झाल्यानं दिसत नाही. महाराष्ट्र केसरीत माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा. दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. मातीवर जन्मभर चीतपटीची वाट बघत खेळलेला मल्ल गादीवर गेला की गुणांचा हिशेब शिकताना घामाघूम होतो. लातूर जिल्ह्यातलेच काका पवार अर्जुन पुरस्कारापर्यंत गेले ते ग्रीको-रोमन प्रकारात. त्या प्रकारात कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायानं डावही करायचा नाही, म्हणजे वस्तादांचा लाडका पट आणि लाडकी टांग दोन्ही बाद. तरी ती कुस्ती नव्हे असं म्हणायला कुणी धजेल काय? लाथेचा आणि डावाचा आकार नियम ठरवतो, तेव्हा दोन प्रकारांच्या आकारांची तुलना करून श्रेष्ठ-कनिष्ठ लावणं म्हणजे बैल चांगला की रेडा चांगला हे कासरा मोजून ठरवणं.

वस्ताद : म्हणजे तुमच्या तोंडूनच आलं की हा खेळ आहे. मग लेकरांच्या बापाला ‘स्वसंरक्षण’ कशाला सांगायलात? रस्त्यावर कोण गुण मोजायला बसलाय?

सर : आणि तुमच्या तालमीत कोण रस्ता शिकवतो? चीत झाला की कुस्ती संपली, असं तुमच्या अंगात बसलंय. १९७६ साली डिसेंबरात कराचीत काय झालं? जपानचा अँटोनियो इनोकी आणि गामाच्या घराण्यातला अक्रम पैलवान. अक्रम हरला तो चीत होऊन नव्हे, इनोकीनं त्याच्या हाताला पेच घालून हातच निकामी केला. सांधा पिळून हार मानायला लावणं हा आखाड्यात जिंकायचा मार्ग नव्हता. आणि त्याच वर्षी जूनमध्ये टोकियोत हाच इनोकी महंमद अलीसमोर होता. पंधरा फेऱ्यांत तो बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली, लोक वैतागले, पण अलीचे पाय सुजले. एकच माणूस, एकच वर्ष. समोरचा बदलला, नियम बदलले, लढायची तऱ्हा बदलली.

इथं दोघांचंही खरं आहे, आणि दोघांचंही अपुरं आहे. खेळ आणि मारामारी वेगळ्या, हे वस्ताद म्हणतात ते बरोबर. पण त्यातून ‘म्हणून खेळ निरुपयोगी’ असं निघत नाही, उलटंच निघतं. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान काढून ज्युदो सुरू केला, तेव्हा जुन्या जुजुत्सुतले जीवघेणे फटके रोजच्या झुंजीतून बाजूला ठेवले. दिसायला हे नुकसान. पण उरलेलं सगळं विद्यार्थ्याला रोज, पूर्ण ताकदीनं, न पडू इच्छिणाऱ्या माणसावर करता येऊ लागलं. डोळ्यात बोट घालायचा डाव कितीही भयंकर असला तरी त्याचा सराव जोडीदारावर होत नाही. त्याची नक्कल तेवढी होते. रोज घासलेला साधा डाव आणि कधीच न घासलेला जहाल डाव समोरासमोर आले की साधा डाव जिंकतो. कोदोकानचा एक मल्ल, मित्सुयो माएदा, ब्राझीलला गेला. त्याच्या शिकवणीतून वाढलेल्या ग्रेसी घराण्यातला रॉइस ग्रेसी नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हरच्या पहिल्या ‘यूएफसी’ या मिश्र लढतींच्या स्पर्धेत उतरला, आणि अंगानं आपल्याहून मोठ्या माणसांना जमिनीवर नेऊन त्यानं स्पर्धा जिंकली. वस्ताद हा दाखला आनंदानं घेतील. त्यांनी पुढचाही घ्यावा. काही वर्षांतच लाथ-ठोशावाले पट अडवायला शिकले, आणि मग तेच पकडवाल्यांना उभ्यानं झोपवू लागले. म्हणजे जिंकली ती ना टांग, ना लाथ. जो प्रतिकार करणाऱ्या माणसावर रोज घासून आला, तो जिंकला. वस्तादांची तालीमही याच न्यायानं टिकली आहे. कुस्तीत मारणं नाही, म्हणूनच रोज संध्याकाळी पूर्ण जोरानं जोड लावता येते आणि दुसऱ्या दिवशी दोघंही पुन्हा हौद्यात येतात.

मग ‘एक-दोन’वर रांगेत हलणारे हातपाय आले कुठून? हा प्राचीन पूर्वेचा ठेवा आहे असं पोस्टरवर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ओकिनावात आंको इतोसू यांनी १९०१ च्या सुमारास कराटे शाळेत नेलं, १९०८ साली त्याची बाजू मांडणारं दहा मुद्द्यांचं पत्र लिहिलं, आणि शाळेच्या मैदानावरच्या मोठ्या वर्गाला झेपेल असं त्याला वळण दिलं. गिचिन फुनाकोशींनी १९२२ साली ते टोकियोत नेलं. शिकवायला एक माणूस आणि समोर पन्नास-साठ मुलं, म्हणून रांग. तिला नावं ठेवायचं कारण नाही, पण तिला पवित्र मानायचंही कारण नाही. रंगीत पट्ट्यांचंही तसंच. काळा पट्टा ज्युदोतून आला, मधले बरेचसे रंग युरोपात रुळले. ‘तायक्वांदो’ हे नावसुद्धा १९५५ चं, म्हणजे वयानं महाराष्ट्र राज्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठं.

सर : रांगेला आणि पट्ट्याला हसू नका. तालमीत पोरगं दोन वर्षं माती उकरतं, आपण कुठवर आलो हे त्याला कुणी सांगत नाही. खुराक परवडला तर टिकतं, नाहीतर घरी बसतं. माझ्याकडं तीन महिन्यांनी त्याला कळतं की एक पायरी चढलो. लाजरं लेकरू रांगेत लपून हळूहळू उघडतं. आणि मुली? पिढ्यानपिढ्या तालमीच्या दारात बाईला उभं केलं नाही. माझ्या वर्गात त्या पहिल्या दिवसापासून आहेत. पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. गरिबाच्या घरात त्या कागदाची किंमत तुम्हाला मी सांगायला नको.

वस्ताद : मुलींचं बोललात तिथं माझी मान खाली. उशीर झाला आमच्याकडून. २०२३ साली सांगलीत पहिल्यांदा महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं जिंकली. ते धा-वीस वर्षं आधी व्हायला पाहिजे होतं. पण पट्ट्याचं तसं नाही, सर. पायरी चढलं हे ठरवायलंय कोण? ज्यानं फी घेतली त्यानंच. आमच्याकडं माळेगावच्या यात्रेत फड लागला की हजार माणसांसमोर कळतं कोण कुठं आहे. तिथं वस्तादाचा वशिला चालत नाही. आणि चालला, तर लोक ‘नुरा कुस्ती’ म्हणून ओरडतात. तुमच्या गॅदरिंगमधली कौलं फोडणं म्हणजे काय? कौल काही उलटून मारत नाही.

वस्तादांचा ‘नुरा’ हा शब्द मला या सगळ्या चर्चेची किल्ली वाटतो. दोघांनी आधी ठरवून केलेली कुस्ती म्हणजे नुरा. मग प्रात्यक्षिकात जोडीदार ठरल्या जागी मनगट पुढं करतो, मुलगी ते झटकते, तो कोलमडतो आणि पालक टाळ्या देतात, ती नुराच, फक्त कुणी ओरडत नाही. ज्या वर्गात सगळा वेळ असा जातो तो वर्ग कराटेचा असो, तायक्वांदोचा असो की ‘स्वसंरक्षणा’चा, तिथं शिकलेलं मूल धोक्यात पडतं, कारण त्याला स्वतःबद्दल खोटा भरवसा मिळतो. समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, तीन महिन्यांचं. तीन महिन्यांत पंचवीस प्रकार दाखवता येतात, घासून मात्र तीन-चारच घेता येतात. माझं मत स्पष्ट आहे. धरलेला हात सोडवणं, समोरच्याला ढकलून अंतर काढणं, सरळ फ्रंट किक आणि मोठ्यानं ओरडून पळणं एवढंच घ्यावं, पण धरणारीनं खरं धरावं.

यावर आक्षेप ठरलेला आहे की खरा प्रतिकार म्हणजे दुखापत. आक्षेप रास्त आहे, पण दुखापत येते कुठून ते नीट बघा. राउंडहाऊस किकच्या तिन्ही तऱ्हांत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे टेकलेला पाय. त्याची टाच लक्ष्याकडं फिरली तरच कंबर उघडते आणि लाथेत वजन येतं. गादीवर अनवाणी पाऊल गर्रकन फिरतं. मुरमाच्या मैदानावर, त्यातही बूट घालून, ते रुतून बसतं. वरचं अंग फिरतं, खालचं पाऊल फिरत नाही, आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. ही इजा प्रतिकारातून येत नाही, समोर कुणी नसताना रांगेतच होते. उलट प्रतिकार पायरीपायरीनं वाढवता येतो. तालमीत खडाखडी असते. नुसते हात, मान, तोल, कुणी कुणाला पाडत नाही, तरी दोघंही खोटं खेळत नाहीत. लाथेच्या वर्गातही तसंच करता येतं. एकानं फक्त खांद्याला हात लावायला यायचं, दुसऱ्यानं फक्त पुढच्या पायाच्या लाथेनं त्याला लांब ठेवायचं, छातीवर पॅड, वेग निम्मा. येणाऱ्याला खरंच यायचं असतं, एवढी अट पुरते.

खरा प्रतिकार नियमात बसवण्याचा एक नमुना नांदेडलाच आहे. हजूर साहिबच्या हल्ला-महल्ल्याच्या मिरवणुकीत शीख तरुण गतका हा शस्त्रांचा पारंपरिक खेळ खेळतात तेव्हा बघणाऱ्याची नजर फिरणाऱ्या शस्त्रावर जाते. जाणकार पाय बघतो. गतक्यात लाथ नाही, पण पैंतरा आहे, म्हणजे कोणत्या पायावर वजन ठेवून कुणाच्या आवाक्यात शिरायचं आणि कसं बाहेर पडायचं. लाथ मारणाऱ्याला आणि पट काढणाऱ्याला नेमकं हेच लागतं. त्याच गतक्याला आता नियम, गुण, सोटी म्हणजे काठी आणि फरी म्हणजे छोटी ढाल देऊन मैदानी खेळ केलंय. हरियाणात जून २०२२ मध्ये भरलेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत तो आला, २०२३ च्या गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेतही होता. यानं परंपरेचा डौल कमी झाला असं म्हणणारे आहेत, आणि डौल थोडा जातोच. पण मिरवणुकीत फिरवलेली तलवार कुणाला लागू नये म्हणून फिरवतात, आणि सोटी लागावी म्हणून. कानोंनी जो सौदा केला तोच हा.

वस्ताद : मग ठरलं काय? लेकरू कुठं घालायचं?

सर : तुमच्याकडून मला आठवड्याचा एक दिवस द्या, वस्ताद. माझी पोरं पडायला शिकतील. तुमची पोरं तोंडासमोर हात धरायला शिकतील.

वस्ताद : द्यायला हरकत नाही. पण हौद्यात पट्टे बाहेर काढून ठेवायचे.

ही तडजोड प्रत्यक्षात कुणी करील का, हे नायगावकरांच्या हातात आहे. पालकांना मात्र एक गोष्ट आजच करता येते. पुढच्या पट्ट्याच्या परीक्षेची फी भरण्याआधी एक संध्याकाळ मैदानाच्या कडेला बसा. पाटीवरचं नाव, भिंतीवरची पदकं, सरांचा आवाज यांच्याकडं लक्ष देऊ नका. हातात घड्याळ घ्या आणि तासाभरात आपलं लेकरू, ज्याला हरायचं नाही अशा माणसासमोर किती मिनिटं उभं राहिलं, तेवढं मोजा. पाच मिनिटंही भरली नाहीत, तर फी भरण्याआधी सरांना त्याचं कारण विचारा.